दुसरं टोक

आमच्या ह्यांचा धंदा काचा बसवायचा आणि खोड माणसं सुधारायची. धंद्यावर घर चालायचं, खोडीपायी माझा जीव जायचा.

गल्लीच्या टोकाला दुसऱ्या धर्माच्या लोकांचं प्रार्थनाघर आहे. आमचं रस्त्याच्या अलीकडे. त्यांच्या दर्शनी खिडकीवर सारखे दगड यायचे आणि काच फुटली की हे जाऊन फुकट नवी बसवून द्यायचे. आमचे लोक ह्यांना तोंडावर फितूर म्हणायचे. हे ऐकून घ्यायचे. म्हणायचे, "आपला देव आपल्याला दगड मारायला सांगत नाही, एवढं मला कळतं."

"आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजायला सांगतो वाटतं?" मी विचारायचे. हे हसायचे.

दगड कोण मारतं ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. माझे धाकटे दीर. आमच्याच घरी राहायचे, आमच्याच ताटात जेवायचे आणि जेवता जेवता फुशारकी मारायचे, "वहिनी, आजचा नेम बघायला हवा होतात!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"पोलिसांत सांगून टाका," मी ह्यांना म्हटलं.

"तुरुंगातून आणखी कडू होऊन येईल गं. आईवेगळं पोर मी वाढवलंय. प्रेमानं वळेल तो."

"पालथ्या घड्यावर पाणी आहे ते."

"मग घडा कुणीतरी सुलटा करायला नको?"

बोलण्यात ह्यांना कुणी हरवावं! पण भावाला वाया जाऊ द्यायचं नाही, ह्यात त्यांचा सगळा जीव अडकला होता, ते मला दिसत होतं.

मोठी काच एकट्याने नेता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, काच उभी ठेवायची आणि पावलाला पाऊल मिळवत चालायचं. एकाने घाई केली की संपलं. पुढच्या खेपेला ह्यांनी दुसरं टोक दिरांच्या हातात दिलं. म्हणाले, "स्वतः बसवलेल्या काचेवर माणूस हात उचलत नाही." सगळ्या गल्लीदेखत दोघे भाऊ ती काच घेऊन निघाले. दिरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. पुट्टीचा डबा घेऊन मागून मी.

तिथली झाडलोट एक म्हाताऱ्या मावशी करायच्या. उरलेल्या वेळात लोकांचे फाटके कपडे शिवून द्यायच्या. पूर्वी त्या खिडकीपाशी उजेडाला बसायच्या. दगड सुरू झाल्यापासून त्यांनी खुर्ची आतल्या कोपऱ्यात नेली होती. तिथे त्यांना सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता.

काच बसली. मावशींनी दिरांना पाणी दिलं, फडक्याने त्यांच्या बोटांची पुट्टी पुसली. "बाळा, हाताला लागलं नाही ना?"

दिरांनी खाली बघत मान हलवली. तेवढ्याने हे विरघळले.

"मावशी, खुर्ची परत खिडकीपाशी घ्या," हे म्हणाले. "आता काही होणार नाही. माझा शब्द."

मावशी जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय तर बसते." हे स्वतः खुर्ची उचलून घेऊन आले. दीर तिथेच उभे होते.

काही दिवसांनी, भर दुपारी, पुन्हा दगड आला. काच मावशींच्या तोंडावर फुटली. उजवा डोळा गेला.

"आत कुणी असेल असं वाटलं नाही," दीर म्हणाले आणि भात वाढून घेतला. मी ताट ओढून घेतलं. हे भिंतीला टेकून खाली बसले.

दवाखान्यात मावशींच्या खाटेशी उभं राहून ह्यांनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "मला पहिल्यापासून माहीत होतं," म्हणाले.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भावाला सुधारत होतात?"

"हो."

"मग आपल्या घरात सुधारायचं. माझ्या खिडकीवर कशाला?"

हे दाराकडे वळले. म्हणाले, "आत्ता जातो पोलिसांत. नाव देतो."

"नका जाऊ. मी त्यांना सांगितलंय, कुणी दिसलं नाही म्हणून. त्याला नेलं की तुमची माणसं आमच्या घरांवर येतील. आमच्यात लेकरंबाळं आहेत." त्यांनी उरलेला डोळा मिटला. "तुमच्यावर राग नाही माझा. पण आता काच आणू नका."

त्या लोकांनी खिडकी विटांनी बुजवली. दीर आमच्याकडेच असतात. बाहेर काढा म्हटलं तर हे म्हणतात, "कुठे जाईल?" पण त्यांच्याशी बोलत नाहीत. मला ह्यांचा राग येतो आणि रात्री कूस बदलत पडलेले दिसले की उठून पांघरूण घालते.

परवा प्रार्थना संपल्यावर आमच्यातले वडीलधारे लोक पुढे आले. ह्यांनी त्या प्रार्थनाघराच्या काचा बसवणं बंद केलं ते सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. "शेवटी आपल्यात आलात," असं म्हणून एकेकाने ह्यांना मिठी मारली.

ह्यांनी मारू दिली.