एकोणसाठ पोती आणि एक पेटी

"गार आहे," बॉनेटवर तळहात ठेवून मी म्हणालो. "म्हणजे आपण यायच्या आधी कुणी तापवून ठेवलेली नाही. डिझेलची जुनी गाडी घेताना पहिलं हे बघायचं. गरम इंजिन कसंही चालू होतं. खरी परीक्षा गार असताना."

"मास्तर, पेन्शनीत निघालात तरी शाळा काही सुटली नाही तुमची," यार्डवाला हसला. जुन्या गाड्यांचं ते आवार त्याचंच होतं.

माझी धाकटी बहीण हसली नाही. ती पांढऱ्या पिकअपच्या मागे वाकून ट्रेलर जोडायचा हूक बघत होती. घरात सगळे तिला माशी म्हणतात, कारण पंचवीस वर्षं ती मधमाश्या पाळते. जिकडे फुलोरा तिकडे पेट्या न्यायच्या, तिथला बहर ओसरला की पुढच्या रानात. पिकअपला ट्रेलर जोडायचा आणि ट्रेलरवर साठ पेट्या.

गेल्या हंगामात एका चढावर तिची जुनी गाडी तापून बंद पडली. ऊन डोक्यावर, सावली कुठे नाही. प्रवासात पेट्यांची दारं बंद असतात. मदत पोचायला चार तास लागले. मी गेलो तेव्हा आतलं मेण वितळून ट्रेलरखाली मधाचं थारोळं झालं होतं आणि ही एकेका पेटीला कान लावत पुढे सरकत होती. चाळीस पेट्या मुक्या होत्या.

उरल्या वीस. आठ दिवसांत सूर्यफुलं उमलणार होती. पेट्यांमधला साठा संपत आला होता, म्हणून थांबणं परवडणारं नव्हतं. आणि पुन्हा तसलीच गाडी हाती आली, तर वीसही जाणार होत्या.

मी माझ्या परीने सगळं तपासलं. चावी फिरवताच इंजिन पहिल्या दमात चालू झालं. धूर विरळ होता. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडलं, वाफेचा भपका आला नाही. हुकाजवळ चासीला तडा नव्हता, वेल्डिंगचा डाग नव्हता. मी खूश होऊन म्हणालो, "माशे, डोळे मिटून घे ही."

"ट्रेलर जोडा," ती म्हणाली.

ट्रेलर तिने शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने आधीच आणवला होता. त्यावर मातीची एकोणसाठ पोती होती. साठावी एक पेटी, जिवंत माश्यांची. ती तिने स्वतः उचलून पिकअपच्या हौद्यात, केबिनच्या पाठीला टेकवून बांधली.

"ताई, गाडी बघायला आलात की शेत घेऊन पळून चाललाय?" यार्डवाला म्हणाला.

मी हळूच म्हटलं, "अगं, पेट्या वीसच आहेत आपल्याकडे. साठांचं ओझं कशाला?"

"वीसच राहणार आहेत का कायम?"

मी ट्रेलरची कडी हुकात अडकवायला वाकलो.

आवारामागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा लांबलचक चढ होता. ती चालवायला बसली, आम्ही दोघे शेजारी. इंजिनाने कुरकुर न करता ओझं ओढायला घेतलं. मी तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून होतो. काटा अगदी मधोमध.

"बघ, हललासुद्धा नाही!" मी म्हणालो.

अर्धा चढ गेल्यावर तिने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, इंजिन चालूच ठेवलं आणि हौद्यात चढली. पेटीशी गुडघे टेकून तिने लाकडाला कान लावला. बराच वेळ.

"दादा, वर ये. ऐक."

गुडघे सांभाळत मी चढलो. निवांत पेटीचा आवाज मला माहीत आहे. बंद दाराआड वर्ग हळूहळू पाढे घोकत असावा, तसा तो असतो. हा तसा नव्हता. एकसुरी, जोराचा, हजार पंखे एकदम फिरावेत तसा.

"वारा घालतायत," ती म्हणाली. "खालून धग लागली की सगळ्या रांगेत उभ्या राहून पंख हलवतात, आतली हवा बाहेर ढकलतात. हौद्याला हात लाव."

पत्रा चटका बसावा इतका तापला होता.

"त्या दिवशीही वाटेत थांबले तेव्हा हाच आवाज आला होता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी म्हटलं, काटा तर बरोबर दाखवतोय. आणि चालवत राहिले. चाळीस पेट्या गेल्या."

वर्षभरात हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आज हौद्याशी उभा यार्डवालाही ऐकत होता.

ती खाली उतरली. बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या पाण्याची बाटली चहाच्या आधणासारखी उकळत होती, नळीच्या तोंडातून वाफ फुसफुसत होती. आम्ही काट्याकडे पाहिलं. मधोमध.

"सकाळी इंजिन गार होतं, तेव्हा कुठे होता काटा?" तिने विचारलं.

मी आठवलं. चावी फिरवल्या फिरवल्या तो तिथेच जाऊन बसला होता. "मधोमध."

"तुझ्या वर्गात एखादं पोर दिवसभर जागचं हललं नाही, तर काय समजायचास तू?"

"ताप भरलाय."

चाळीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारले. असा एकही विचारल्याचं आठवेना. मी नुसता त्या पेटीकडे बघत राहिलो. आत नखाएवढाले जीव अंधारात उभे होते. त्यांना इंजिन ठाऊक नव्हतं, रेडिएटर ठाऊक नव्हता. आणि आम्हा तिघांच्या आधी त्यांना कळलं होतं.

यार्डवाल्याचा चेहरा उतरला. "आईशपथ ताई, मला ठाऊक नव्हतं. मीही काटाच बघून घेतली."

"कान लावा ना भाऊ," ती म्हणाली. "काही करत नाहीत त्या."

तो बिचकत हौद्यात चढला. आधी लांबून, मग गाल लाकडाला टेकवून. टेकवलेला गाल त्याने लवकर उचलला नाही.

पांढरी ओढून न्यायला त्याने माणसाकडून आपली गाडी मागवली. निळा पिकअप, एक दार करड्या रंगाचं, पुढचा बंपर तारेने आवळलेला. बंद पडलेल्या गाड्या आणायला तो हीच रोज वापरायचा. माशीने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हिला जोडून बघू?"

"बघा हवं तर. पण विकायची नाही."

पुन्हा तोच चढ, तीच पोती, तीच पेटी. काटा तळातून उठला, चढावर मध्याच्या जरा वर गेला, टाकीजवळच्या सपाटीवर आल्यावर सावकाश खाली उतरला. माशीने कान लावला आणि मला खुणावलं. आत पाढे चालू होते.

"हीच," ती म्हणाली.

"ताई, माझं पोट आहे हिच्यावर."

"बरोबर आहे तुमचं." ती खाली बसून पेटीची दोरी सोडू लागली. गाठ आवळली होती, सुटेना. तो बघत उभा राहिला.

"चाळीस पेट्या गेल्या म्हणालात?"

"चाळीस."

त्याने वाकून ती गाठ स्वतःच पुन्हा घट्ट केली. "राहू द्या बांधलेली. उद्या कागद करू. पांढरीला नवा रेडिएटर बसवतो, माझं भागेल."

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही सूर्यफुलांच्या बांधावर पोचलो. वीस पेट्या उतरवून ओळीने मांडल्या. माशीने एकेक दार उघडलं. माश्या बाहेर आल्या, पण उडून गेल्या नाहीत. हवेत उलट वळून, पेटीकडे तोंड करून झुलत राहिल्या. आधी लहान घेर, मग मोठा. मी अगदी जवळ जाऊन बघू लागलो.

"दादा, बाजूला हो," ती म्हणाली. "नवीन जागा पाठ करतायत. तू तिथे उभा राहिलास तर तुझ्यासकट घर लक्षात ठेवतील, आणि संध्याकाळी तू नसशील."

मी बाजूला झालो. तिने गाडीही मागे नेली, पार झाडाच्या पलीकडे. मग येऊन माझ्याशेजारी उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, आवाज न करता.