पाणी न मारलेली भिंत

दूध संस्थेच्या निवडणुकीत गहिनीनाथ पडला, त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी संस्थेचा शिपाई खताच्या रिकाम्या पोत्यात घालून नऊ फोटो दारात ठेवून गेला. "आफिसाला रंग द्यायचाय म्हणले नवे चेअरमन," एवढं बोलला आणि चहाला न थांबता निघाला.

त्याची बायको वत्सलाबाई भाकरी थापत होती. पोतं माळ्यावर जाईल असं तिला वाटलं. पण गहिनीनाथानं एकेक फोटो बाहेर काढला, उपरण्यानं काच पुसली आणि सगळे बाजेवर ओळीनं मांडले. चौदा वर्षांची चेअरमनकी तिथं पसरली. एकात फॅट काढायच्या यंत्राला हार घालताना, एकात संस्थेच्या नव्या इमारतीची फीत कापताना, एकात दुष्काळातल्या चारा छावणीत गाईचं दावं धरून. बाकी सगळ्यांत शाली आणि नारळ.

"ह्या भिंतीला लावायचे. सगळे. माणूस आत आला की समोर दिसायला पायजेत," तो म्हणाला.

"आवो, नऊ फोटू? तिथं कॅलेंडर हाय, आरसा हाय."

"काढ ते."

तिनं काढलं. वाद घालायला तव्यावरची भाकरी थांबत नव्हती.

पहिला खिळा दोन घावांत आत गेला आणि तिसऱ्या घावाला पोळीएवढा गिलावा घेऊन खाली आला. गहिनीनाथानं वीतभर सरकून दुसरा ठोकला. तोही आला. तिसरा बसला म्हणून त्यानं फोटो अडकवला. वत्सलाबाई "सोडू नका" म्हणेपर्यंत खिळा मान टाकून निसटला. फोटो तिनं वरच्या वर झेलला, म्हणून काच वाचली.

"खिळे हलके हायेत," तो म्हणाला आणि उमापूरला जाऊन जाड खिळे घेऊन आला. जाड खिळ्यांनी भोकं तेवढी मोठी पडली. मग हातोडी वाईट ठरली, मग घर बांधणारा सुग्रीव गवंडी चोर ठरला. शेवटी "तू मधी मधी बोलतीस, हात हालतो" इथवर गाडी आली. दुपारपर्यंत भिंतीला अकरा भोकं आणि खाली वाळूचा ढीग. पिठाच्या डब्यावर, अंथरुणावर, पाण्याच्या हंड्यावर वाळूच वाळू. वत्सलाबाईनं तीनदा झाडून काढलं. चौथ्यांदा झाडू हातात घेतला तेव्हा तिचे दात आपोआप दातांवर बसले.

गहिनीनाथानं म्हाळूला बोलावलं. म्हाळू गावात लाईटची कामं करायचा, त्याच्याकडं भोकं पाडायची मशीन होती. त्यानं मशीन लावली न लावली तोच बंद केली आणि भिंतीत नुसतं बोट खुपसलं. बोट पेरभर आत गेलं.

"काका, ही भिंत न्हाई, वाळूचा ढीग हाय. गिलाव्याला पाणी मारलं नव्हतं का?"

मग वत्सलाबाईनं झाडू खाली ठेवला.

"इचार तुझ्या काकालाच," ती म्हणाली.

तीन वर्षांमागच्या उन्हाळ्यात हे घर बांधलं. टँकर चौथ्या दिवशी यायचा, माणसागणिक दोन हंडे. सात दिवस तरी भिंत भिजवा, नाहीतर गिलावा धरणार नाही, असं सुग्रीव बजावून गेला होता. वत्सलाबाईनं भावाकडून, त्याच्या विहिरीच्या तळातलं, पत्र्याची दोन टिपाडं भरून पाणी आणवलं. तेव्हाच संस्थेच्या इमारतीचाही गिलावा चालू होता. गहिनीनाथानं दोन्ही टिपाडं बैलगाडीवर तिकडं लावून दिली. "ते चार लोकांचं काम हाय. घर कुठं पळून चाललंय?" असं म्हणाला होता. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीच्या बुडाशी पडलेली वाळू ती सुपलीत भरून बाहेर टाकत होती.

हे सगळं तिनं म्हाळूसमोर सांगितलं. आवाज चढवला नाही. पण गहिनीनाथाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो तरातरा मोरीत गेला, बादली भरून आणली आणि फाडकन भिंतीवर मारली.

"घे! मारलं पाणी! झालं समाधान?"

निळा रंग ओघळून फरशीवर आला. आणखी दोन पोपडे सुटले. तो दुसऱ्या बादलीला वळला तेव्हा वत्सलाबाईनं कडी धरून ती हिसकावली.

"मेल्यावर औषध पाजून कुणी उठत न्हाई! आन् आता पुसायचं कुणी हे? मीच ना?"

म्हाळूनं बावळटासारखं इकडंतिकडं पाहिलं. मग दाराजवळच्या कॉलममध्ये एकच भोक पाडलं, त्यात खिळा बसवला, "काका, हितं एक टिकंल," असं म्हणून मशीन गुंडाळली आणि गेला.

एक खिळा, नऊ फोटो. गहिनीनाथ बाजेवर बसून एकेक उचलत, ठेवत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं फीत कापतानाचा फोटो लावला.

"ह्यो न्हाई," वत्सलाबाई फरशी पुसता पुसता म्हणाली.

"मग कोणता?"

"मला कशाला इचारता? कोणता बी लावा. ती इमारत मला रोज घरात बघायची न्हाई."

त्यानं फोटो उतरवला. छावणीतला हातात घेऊन उभा राहिला. "ह्यात मी लई वाळलेला दिसतो."

"सगळेच वाळले होते तवा."

त्यानं तो लावला. उरलेले आठ पोत्यात घालून बाजेखाली सारले. वत्सलाबाईचा राग तेवढ्यानं उतरला नाही. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली.

तिसऱ्या दिवशी गहिनीनाथानं सुग्रीवाला बोलावून आणलं आणि त्यानं सगळा गिलावा खरवडून काढला. गहिनीनाथ घमेल्यानं राडारोडा बाहेर नेऊन टाकत होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती सुग्रीवाला म्हणाली, "भाऊ, नवा गिलावा वाळल्यावर ह्या भिंतीत एक बी खिळा ठोकायचा न्हाई, हे आत्ताच सांगून ठिवते."

सुग्रीवानं गहिनीनाथाकडं पाहिलं. गहिनीनाथ घमेलं उचलून बाहेर गेला.