भाईदासच्या चौदा गाठी

रावेर तालुक्यात समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचं पुस्तक लागत नाही. तरीही हेमराजने दोन वर्षांपूर्वी, मुंबईला केळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकवर चोवीस फुटांची शिडाची होडी लादून आणली आणि तापीवरच्या धरणाच्या पाण्यात सोडली. आत झोपायला दोन फळ्या, चहापुरता स्टो, वर डोलकाठी. मुंबईच्या एका होड्यांच्या क्लबने मोडीत काढलेलीच होती ती. तेहतीस वर्षं हेमराजने त्या क्लबच्या आणि लोकांच्या होड्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवल्या होत्या. गावाने त्याला तेवढ्यासाठी एक नाव ठेवलं होतं, दोऱ्या ओढणारा. नाव ठेवायला गावाला पैसे पडत नाहीत.

उद्या ती होडी सुरतेचा एक माणूस घेऊन जाणार होता. हेमराजचा उजवा खांदा संपला होता. जळगावच्या डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कधीच नाही. दोर वरूनच ओढायचे असतात, तेव्हा विषय मिटला. हेमराजला वाईटसुद्धा धड वाटलं नाही. तो इतका थकला होता, की होडी जाणार म्हणजे तिचं बूड घासायचं काम वाचलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

एकच गोष्ट राहिली होती. भाईदासने, त्याच्या थोरल्या भावाने, ही होडी कधी चालताना पाहिली नव्हती. दोन वर्षांत एकदाही तो पाण्यावर आला नाही. केळीची कामं होती हे खरं, पण केळीची कामं कुणाला नसतात? खरं कारण अठरा वर्षांपूर्वीचं होतं. आई गेली तेव्हा हेमराज कोचीहून निघालेल्या एका होडीवर होता. निरोप मिळून, किनाऱ्याला लागून, गाड्या बदलत तो पोचला तो दहाव्याच्या दिवशी. नदीवर सगळे उभे होते. भाईदासने त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "दोऱ्या सोडून यायचं ना रे." त्यानंतर हा विषय भाईदासने कधी काढला नाही. त्याने हेमराजच्या वाट्याची केळी लावली, कापली, दर वर्षी त्याच्या पोरीच्या फीचे पैसे न मागता पाठवले. आणि ते एक वाक्य दोघांच्या मध्ये तसंच बसून राहिलं.

म्हणून होडी जायच्या आधी एकदा भावाला ती दाखवायची, फुग्या उघडून दाखवायची, एवढी एकच इच्छा हेमराजला उरली होती. फुग्या हे त्याने घरी ठेवलेलं नाव. स्पिनाकर म्हटलं की त्याची बायको नूतन हसायची. वारा पाठीमागून असला की होडीच्या पुढे फुगणारं ते मोठं पातळ शीड, खळ्यावर अंथरलं तर खळं झाकेल एवढं. वरचं टोक डोलकाठीला जातं, खालचे दोन कोपरे दोन बाजूंना, दोन्ही बाजू सारख्याच. त्यातला वाऱ्याकडचा कोपरा एका आडव्या दांड्याने बाहेर धरायचा. आणि सगळे दोर सगळ्याच्या बाहेरून न्यायचे, नाहीतर वर गेल्यावर असा गुंता होतो, की देव आठवतो.

हे शीड एकदम उघडं चढवलं तर वारा अर्ध्यातच ते हिसकावतो. म्हणून आधी त्याची लांब वळकटी करायची आणि हात-हात अंतरावर कच्च्या सुती धाग्याने बांधायची. वर गेलं की खालचा दोर ओढायचा. वारा आत शिरतो आणि धागे स्वतःच तोडत वर जातो. आदल्या दिवशी ओट्यावर नूतनने एक टोक धरलं आणि हेमराजने डाव्या हाताने चौदा ठिकाणी धागा बांधला. तेवढ्यात तो घामाघूम झाला आणि भिंतीला टेकून बसून राहिला.

भाईदास दुपारी आला. त्याने धुतलेलं धोतर नेसलं होतं, जसं काही मुलगी पाहायला चालला होता. फाल्गुनातली दुपार, पश्चिमेचा वारा नुकता उठला होता. होडीत पाय ठेवताना तो एकदा थबकला. मग बसला आणि सुकाणू हातात आल्यावर त्याने ते ट्रॅक्टरच्या स्टीअरिंगसारखं वळवलं. होडी उलटीकडे गेली.

"हे उलटं कसं रे?"

"उलटंच असतं, भाऊ. समोरच्या बांधाकडे धरा, बस."

हेमराज डोलकाठीपाशी उभा राहिला. वळकटीची पिशवी त्याने पुढे टोकाला बांधली होती, दोर लावले होते, सगळं सगळ्याच्या बाहेरून. त्याने डाव्या हाताने ओढायला सुरुवात केली. दर ओढीला उजवा खांदा कळ देत होता. तो वर डोलकाठीच्या टोकाकडे पाहत राहिला आणि वळकटी सरसर वर गेली. मग त्याने खालचा दोर ओढला.

काही झालं नाही. त्याने पुन्हा ओढला, जोर लावून. वळकटी न उमललेल्या केळफुलासारखी डोलकाठीला लटकत राहिली आणि वारा तिला नुसता हलवत राहिला.

मागून भाईदासचा आवाज आला, खुशीतला. "पाह्य! एक गाठ नाही सुटली!"

हेमराजने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. धाग्याच्या जागी पांढरी नायलॉनची पट्टी होती. केळीला घड लागला, की वाऱ्याने झाड आडवं होऊ नये म्हणून जिने बांधतात, ती पट्टी.

"तुम्ही बांधलंत?"

"सकाळी नूतनकडे चहाले आल्तो. पाह्यलं तं धागा कच्चा. बोटानं तुटला. म्हटलं, हा काल थकला असन, कसं बांधलं याले समजलं नसन. पट्ट्या आनल्या अन चौदाच्या चौदा पक्क्या केल्या. माह्या केयीची गाठ वादयात नाही सुटली कधी."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण हेमराजने आयुष्यात हजारदा ऐकली होती, पण ती आज त्याच्या डोलकाठीला लटकत होती. त्याला आधी राग आला, मग तोही उतरला. रागावायला अंगात काहीतरी लागतं. तो तिथेच खाली बसला. क्षणभर त्याला वाटलं, सांगूच नये. असंच असतं म्हणावं, घरी जावं, झोपावं. इतकी वर्षं जे समजावून देता आलं नाही, ते आता कशाला?

"मंग उघडतं कव्हा?" भाईदासने विचारलं.

"भाऊ, तुम्ही बांधता ते वाऱ्याने सुटू नये म्हणून. हे वाऱ्याने सुटावं म्हणूनच बांधायचं असतं."

भाईदासने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हंजे मी बिघडवलं."

 हेमराजने शीड उतरवलं आणि दोघांनी ते मधल्या जागेत ओढून घेतलं. हेमराजने चाकू पुढे केला, पण भाईदासने तो बाजूला सारला. "कापडाले लागीन." मग त्या सत्तरीच्या माणसाने स्वतःच्या चौदा गाठी नखांनी आणि दातांनी सोडवल्या. सोडवायला म्हणून त्या बांधलेल्याच नव्हत्या. तास गेला. वाऱ्याने होडी निम्मं पाणी ओलांडून नेली. भाईदासच्या अंगठ्याच्या नखातून रक्त आलं, ते त्याने धोतराला पुसलं.

हेमराजने खिशातून धाग्याचं रीळ काढलं. उजवा हात आता गुडघ्यावरून उचलवत नव्हता, तेव्हा बांधायचं भाईदासनेच. त्याने सवयीने तीन फेरे घेतले.

"एकच फेरा, भाऊ."

"एक? तुटीन ना बाप्पा."

"तुटू द्यायचंय."

आयुष्यभर घट्ट बांधलेल्या हातांना कच्चं बांधायला लावणं सोपं नव्हतं. दर गाठीला तो हेमराजकडे पाहायचा, आणि हेमराज मान हलवायचा. चौदावी झाली तेव्हा दोघंही दमले होते आणि पलीकडचा बांध जवळ आला होता. जमलं तर आत्ता, नाहीतर नाहीच.

"मी सुकाणू धरतो," हेमराज म्हणाला. "ओढा तुम्ही."

भाईदासने दोर धरला आणि विहिरीतून घागर काढतात तसा ओढला, हातावर हात टाकत. वळकटी वर गेली. हेमराजने दाखवला तसा त्याने वरचा दोर खुंटीला अडकवला आणि खालचा दोर हातात घेतला.

"आता ओढा."

पहिला धागा तुटला तो ऐकूसुद्धा आला. मग दुसरा, मग वारा आत शिरला आणि खालून वर एकेक तोडत गेला. सगळं शीड एकदम उघडलं, पिवळं आणि निळं, होडीच्या पुढे, वर, दोन्ही बाजूंना. होडीने पाण्यात झेप घेतली. भाईदास दोन पावलं पुढे ओढला गेला, गुडघ्यांवर आला, पण त्याने दोर सोडला नाही. पाय बाकाला रोवून तो तसाच बसला.

हेमराजने वर पाहिलं. ही त्याची तेहतीस वर्षं होती, चांगली फुगलेली, एकही सुरकुती नसलेली. मग त्याने भावाकडे पाहिलं, भाऊ पाहतोय का ते बघायला.

भाईदास वर पाहतच नव्हता. तो दोराकडे पाहत होता. दोन्ही मुठी पांढऱ्या पडल्या होत्या, दंड थरथरत होते आणि दोर त्याला अजून पुढे मागत होता.

"थोडा सैल सोडू?" त्याने विचारलं.

"सोडाल तर शीड कोसळेल, भाऊ. होडी आडवी होईल."

भाईदासने मान हलवली.  मग तो दोरावरची नजर न काढता म्हणाला, "आई गेली तव्हा तू हेच धरीसन व्हता?"

"हो, भाऊ. चार दिवस."

"एकटा?"

"दोघं होतो. पाळीपाळीने."

भाईदासच्या गालावरून पाणी ओघळत होतं. पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते.

"सोडताच येत नाही रे हे," तो म्हणाला.

बांध जवळ येत होता. शीड उतरवायची वेळ झाली होती, पण हेमराजने अजून थोडा वेळ होडी तशीच जाऊ दिली.