भाड्याच्या भिंती

जेर्को खोलीच्या दाराशी आला तेव्हा मिर्ता खुर्चीवर चढून भिंतीत खिळा ठोकत होती. घाव चुकला आणि गिलाव्याचा टवका उडाला.

"बोटं सांभाळ," तो म्हणाला.

"बाबा, हे घर आपलंच आहे ना? मग ठोकलं तर चालतं."

मिर्ता चौदा वर्षांची. बेल्जियम, तुर्कस्तान, कोरिया, ऑस्ट्रिया... बाप ज्या क्लबासाठी गोल मारायचा, तिथल्या भाड्याच्या घरात ती वाढली. भिंतींना हात लावायची सोय नव्हती. तिची चित्रं कपाटाच्या दारावर चिकटपट्टीने लटकायची.

गुडघ्याने दगा दिल्यावर जेर्को आपल्या गावी, ओमिशला परतला, त्याला आठ महिने झाले होते. घरात त्याचा पाय ठरत नव्हता. वडिलांची होडी त्याने तीनदा रंगवली होती. काल कझाकस्तानातल्या एका क्लबाचा फोन आला: सहाय्यक प्रशिक्षक हवाय, दोन वर्षांसाठी. आज दुपारपर्यंत कळवायचं होतं. "मुलीला तूच सांग," एवढंच तिहाना, त्याची बायको, म्हणाली होती.

"मिर्ता, एक विचारायचं होतं."

"कुठला देश?" तिने हातोडी न थांबवता विचारलं.

"तुला कोण म्हणालं?"

"कोणी नाही. तू दारात असा उभा राहिलास की आपण सामान बांधतो."

तो चौकटीचा रंग नखाने खरवडत राहिला.

"दिंकाला सांगितलंय, यंदा वर्गात एकाच बाकावर बसू म्हणून," मिर्ता म्हणाली. "असं आधीपासून कुणाला कधी सांगितलं नव्हतं." मग खिळा हलवून बघत ती म्हणाली, "पण चल म्हणालास तर येईन. खिळे काढता येतात."

जेर्को गच्चीवर गेला. तिहाना कपडे वाळत घालत होती. तिच्यासमोरच त्याने फोन लावला.

"दुसरा माणूस बघा," तो म्हणाला. पलीकडून बराच वेळ समजावणं चाललं. त्याने ऐकून घेतलं आणि तेच पुन्हा सांगितलं.

तिहानाने ओली चादर झटकली.

"आता उद्यापासून काय करशील?"

"माहीत नाही."

तो खाली उतरून नदीकाठाने झपाझप चालू लागला, किंचित लंगडत. पुलाशी गोट्यांसारखे मोठे लोखंडी गोळे टाकत म्हातारे खेळत होते. त्यातल्या बार्बा शिमेने हाक मारली.

"काय रे जेर्को, परत जाणं कधी?"

जेर्कोने घड्याळ पाहिलं.

"दोनला, घरी जेवायला. आज मासे आहेत."

म्हातारा हसला. जेर्को पूल ओलांडून गेला, टोकाशी वळला आणि पुन्हा चालू लागला.