पंखा थांबेपर्यंत

जगनने कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या हिरव्या चौकोनाकडे पुन्हा बाण नेला आणि माऊस दाबला. वर छताला टांगलेला प्रोजेक्टर ढिम्म हलला नाही. कॉम्प्युटरवर मघाचेच दोन शब्द उमटले : उत्तर नाही.

सभागृह भरत आलं होतं. पनवेलच्या त्या कॉलेजात संस्थापकांची पुण्यतिथी होती, आणि मुलींनी त्यांच्यावर केलेली छोटी फिल्म दाखवायची होती. पहिल्या रांगेत विश्वस्त दाजीशेठ ऐसपैस बसले होते. शेजारी प्राचार्या अरुंधतीबाई घड्याळाकडे बघत होत्या.

"काका, लावा ना," स्टेजच्या बाजूने शैलेश सर म्हणाले. कॉम्प्युटर शिकवणारे हे सर जगनला काका म्हणत.

"लावतंय सर. ऐकत नाय त्यो."

जगनने तिसऱ्यांदा दाबलं. उत्तर नाही. बोटाला घाम सुटला होता. तो त्याने खाकी पँटला पुसला, पण बोट पुन्हा ओलं झालं.

ह्या सभागृहाचं सगळं जगनच्या अंगावर होतं. पडदे, दिवे, खुर्च्या. प्रोजेक्टरचा रिमोट कधीच बिघडला होता, त्यामुळे जगन शिडी लावून वर चढायचा आणि बटण दाबायचा. कार्यक्रम संपला की पुन्हा चढून बंद करायचा, आणि आतला पंखा थांबेपर्यंत खाली उभा राहायचा. आतला दिवा तापलेला असताना मेन स्विच पाडला तर यंत्राचा जीव जातो, असं बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं. वॉचमनने दारात चाव्या खुळखुळवल्या तरी जगन हलायचा नाही.

मग गुडघा गेला. उकिडवं बसणं सुटलं, शिडी तर दूरच. हे त्याने ऑफिसात सांगितलं नाही. ज्याला शिडी चढता येत नाही त्याला सभागृहावर ठेवणार कोण? कळलं होतं फक्त शैलेश सरांना. त्यांनी अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यापासून भिंतीवरून, छतावरून थेट प्रोजेक्टरपर्यंत एक केबल ओढली.

"ही सिरीयल केबल, काका. आपण इथून सांगायचं, चालू हो. तो करतो आणि केलं म्हणून उलट उत्तर देतो."

"बोलतंय त्यो?"

"बोलतो. तुमच्या घरच्या भामाकाकूंपेक्षा कमी."

जगन तेव्हा पोट धरून हसला होता. सरांनी ऑफिसात मात्र एवढंच सांगितलं, की सोयीचं पडतं म्हणून केलं. तेव्हापासून जगनची नोकरी त्या केबलीवर लोंबकळत होती.

आणि ती केबल आज का मुकी झाली, ते पहिल्यांदा दाबलं तेव्हाच जगनला लख्ख कळलं होतं.

परवा खंडेनवमी झाली. दरवर्षी तो शिडीवर चढून प्रोजेक्टरला हळदकुंकू लावायचा, झेंडूचं फूल ठेवायचा. ह्या वर्षी वर जाणं नव्हतं. पण ज्याच्यावर पोट चालतं त्याला तसंच ठेवायचं? त्याने कॉम्प्युटरच्या मागचे दोन स्क्रू सोडवले, केबलीचं टोक ओढून काढलं आणि त्याच्या तोंडावर ओलं कुंकू चांगलं दाबून लावलं. नमस्कार केला. टोक परत जागेवर बसवलं.

आता हे भरल्या सभेत कसं सांगायचं?

"काय झाला रं, जगन्या?" दाजीशेठांचा आवाज मागपर्यंत गेला. दोघांचं लहानपण जासईकडच्या मिठागरांवर गेलं होतं. पुढे दाजीचे शेठ झाले. "शिडी लाव ना! बांधावर कसा पलायचास, माकडासारखा!"

मुली हसल्या. जगनही हसला, तोंडापुरतं.

"मी चढतो," शैलेश सर पुढे आले.

"तुमी सर हाव. बसा तुमी. त्याचा काम त्याला करू द्या."

जगनने शिडी आणली. पहिल्या पायरीवर चांगला पाय ठेवला, मग दुसरा ओढून घेतला. वरची पायरी घेताना गुडघ्यात काहीतरी अडकलं आणि पाय तिथेच राहिला. शिडी थरथरू लागली. खाली उतरावं तरी पाय वाकेना.

सरांनी धावत येऊन शिडी धरली, काखेत हात घालून त्याला खाली घेतलं.

"सर," जगन त्यांच्या कानाशी म्हणाला, "वर जाऊन काय नाय व्हनार. केबलीला मीच कुकू लावलाय. दसऱ्याचा."

"कुठे?"

"तोंडाला. ह्या वर्साला वर जाता आला नाय. मंग बोललो, त्याचा हात हितं खाली आलाय, तर हातालाच लावू."

सरांनी कॉम्प्युटरच्या मागचे स्क्रू सोडवले. त्यांनी केबलीचं टोक ओढलं. बारीक भोकांमध्ये कुंकू वाळून गच्च बसलं होतं.

"मशीनच्या आत कुंकू?" अरुंधतीबाई उठून आल्या होत्या. "कमाल आहे बाई तुमची!"

सरांनी छातीवरच्या बिल्ल्याची टाचणी काढली आणि एकेक भोक कोरायला घेतलं. लाल भुकटी टेबलावर पडत होती. ती खाली सांडू नये म्हणून जगनने कडेला तळहात आडवा धरला. सरांनी टोक बसवलं, स्क्रू आवळले.

"दाबा काका. तुम्हीच दाबा."

जगनने दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वर पंखा घुमला, पडदा निळा झाला आणि हिरव्या चौकोनात शब्द आले : चालू आहे.

टाळ्या पडल्या. फिल्म सुरू झाली. जगनला त्यातलं काही दिसलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर दाजीशेठ टेबलाशी आले.

"पाय कदीपासून?"

"वरीस होत आला."

"मना बोलला नायस."

जगन शिडी मिटायला वळला. दाजीशेठांची नजरही शिडीकडे गेली.

"उद्या हापिसान ये," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं, असं जगनला वाटलं.

सभागृह रिकामं झालं. जगनने प्रोजेक्टर बंद करायचा लाल चौकोन दाबला. टेबलावरची कुंकवाची भुकटी त्याने तळहातावर गोळा केली. कचऱ्याच्या डब्याकडे न जाता रुमालाच्या गाठीत बांधली आणि वरच्या खिशात ठेवली.

"पुढच्या वर्षी टेबलाला लावा हं काका," बॅग खांद्याला लावत शैलेश सर हळूच म्हणाले.

"जो कोन असंल त्याला सांगा, सर."

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चला, मी सोडतो घरी. आता पंखाबिंखा सगळं तो प्रोजेक्टर आपला आपण बंद करतो."

"तुमी व्हा पुढं."

वर पंखा अजून फिरत होता. मेन स्विचवर हात ठेवून, चांगल्या पायावर भार देऊन, जगन खाली उभा राहिला.