अडेल त्याने यायचं

रविवारी दुपारी मधुवंतीच्या फोनवर मेसेज आला: "ताई, ७."

नंबर केयूरचा होता.

तिचा धाकटा भाऊ "येतो गं" म्हणून बालीगंजच्या या घरातून निघाला, बराकपूरला नदीच्या घाटावर पोहायला उतरला आणि सापडलाच नाही. त्याला आता वर्ष होत आलं. त्याचा फोन बाबांनी स्वतः जाऊन बंद करून घेतला होता. तिने लावून पाहिला, तर हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई बंगालीत सांगू लागली.

पण खेळ त्या दोघांचाच होता. बाबांच्या बँकेतल्या बदल्यांमध्ये शाळा, मित्र सगळं मागे राहायचं, हा खेळ तेवढा सोबत यायचा. आपापल्या खोलीत बसायचं आणि पाळीपाळीने संख्येच्या उजवीकडे एकेक अंक जोडायचा. संख्या दर वेळी मूळच राहायला हवी. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जाता कामा नये. जो अडेल, त्याने उठून दुसऱ्याच्या खोलीत जायचं.

तिने ७३ पाठवलं. खाली लिहिलं, "कुठे आहेस?"

"७३९."

"आई अजून घाटावर जाऊन बसते रे. ७३९३."

"७३९३९. खेळ ना, रडूबाई."

रडूबाई तिला दुसरं कोणी म्हणत नसे.

मधुवंतीचा अंगठा थांबला. एमएस्सीला असताना तिने या खेळाच्या सगळ्या वाटा संगणकावर काढल्या होत्या. इथून चार फुटत होत्या. ३ दिला, तर त्याच्या पुढच्या खेळीनंतर ती स्वतः अडणार, आणि मग तिला त्याच्या खोलीत जावं लागणार. त्याची खोली आता कुठे होती, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. ७ किंवा ९ दिला, तर तो लगेच अडणार. १ दिला तरी शेवटी तोच अडणार, पण त्याआधी आणखी एकदा बोलणार.

तिने १ दिला.

"७३९३९१३. लबाड आहेस."

आता तिच्याकडेही एकच अंक उरला होता. स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती. मधुवंतीने ७३९३९१३३ पाठवलं.

सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. याच्यापुढे वाट नाही. एक किंवा सात जोडला, तर तीनने भाग जातो. तीन किंवा नऊ जोडला, तरी ती कशाने ना कशाने तुटतेच. बाकीचे अंक मुळातच बाद.



"अडलो," केयूरने लिहिलं. मग, "येतो."

स्वयंपाकघराच्या मागचा लोखंडी जिना करकरला. लाटणं थांबलं.

"अरे, पाय पुसून ये," आई रागावली. "आत्ताच फरशी पुसलीय."