नुसती दोन अंडी

परीक्षेच्या सकाळी पोराच्या ताटात पिठाची एक लांब तळलेली काठी आणि दोन उकडलेली अंडी ठेवायची. एकावर दोन शून्यं, झाले शंभर मार्क! चीनच्या कुनमिंगमधल्या सगळ्या आया हेच करतात. दुआन गुईफेनबाईंनी मात्र बोतिरपुढे नुसती अंडी ठेवली आणि काठी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या स्वतःच खाऊन टाकली.

"आई, काठी कुठंय?" लेक रुईलिननं विचारलं.

"संपली."

बाई मनानं वाईट नव्हत्या हो! पण हा ताश्कंदचा बोतिर एकुलत्या एक लेकीला घेऊन उडाला म्हणजे? "ज्याच्याशी धड भांडता येत नाही, तो जावई काय कामाचा?" असं म्हणून त्यांनी गल्लीदेखत अट घातली होती. परदेशी लोकांची चिनी भाषेची परीक्षा पास झाला तर लग्न, नाहीतर परतीचं विमान. आता तो आपटतो कसा ते बघायला त्या जातीनं केंद्रावर आल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या.

तोंडी परीक्षा म्हणजे नुसता मासळीबाजार. एकाच खोलीत सगळे हेडफोन लावून एकदमच आपापल्या कॉम्प्युटरशी बोलतात. प्रश्न सगळ्यांना एकच, तुमच्यावर सगळ्यात जास्त प्रभाव कोणाचा? त्या गलक्यात बोतिर बेंबीच्या देठापासून ओरडला, "माझ्यावर सगळ्यात जास्त प्रभाव माझ्या सासूबाईंचा!"

'अजून कशात काय नाही, आणि म्हणे सासूबाई!' बाई फणफणल्या.

"आज त्यांनी मला दोन शून्यं वाढली. काठी स्वतः खाल्ली, ओठाला तेल होतं! पण मी तापानं फणफणलो तेव्हा त्यांनीच मला पेज भरवली. घासागणिक एक शिवी. त्यातूनच मी चिनी शिकलो!"

बाईंनी घाईघाईनं ओठ पुसले.

शेजारच्या कंबोडियाच्या मुलीला काही सुचत नव्हतं. तिनं तेच उचललं. मग मागच्या टांझानियाच्या पोरानं. बघता बघता अख्खी खोली कोकलायला लागली, "सासूबाईंनी काठी खाल्ली!" बाहेरची मंडळी पोट धरून हसली.

"कोण हो ही सासू?" एका आजोबांनी विचारलं.

"असेल कोणीतरी भवानी," बाई म्हणाल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि पोराचा लोभही दाटून आला होता.

बोतिर तोंड पाडून बाहेर आला. "मावशी, वेळ संपला, उत्तर अर्धंच राहिलं. मी नापास. तिकीट काढतो."

"मोठा आला तिकीट काढणारा! चल आधी, काठी खाऊ घालते." बाईंनी त्याचं मनगट धरलं. "खोलीभर जावई माझ्या नावानं बोंबलले. त्यातला एक तरी घरी नेला नाही, तर गल्लीत तोंड कसं दाखवू रे मेल्या?"